फाटकावरची वही

माझं नाव मैना. रत्नागिरीत नाचणे रोडला आतल्या अंगाला माझं घर आहे आणि त्या घरात गेली एकोणीस वर्षं पाळणाघर आहे. स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाई फार तावातावाने बोलते असं नंतर कुणी म्हणायला नको. मासेवालीने कालचा बांगडा आजचा म्हणून दिला तरी मी आठवडाभर तिच्याकडे बघत नाही. मला फसवलेलं चालत नाही. आणि मला फसवलं ते कुणी, तर माझ्या पोटच्या पोरीने.

गोष्ट करोनाच्या तिसऱ्या लाटेतली, दोन हजार बावीसच्या जानेवारीतली. शाळा पुन्हा बंद झाल्या होत्या. पण ज्यांची ड्यूटी चुकत नाही त्यांची मुलं कुठे जाणार? नर्स, बँकेतली, वीज खात्यातली माणसं. अशांची नऊ मुलं मी ठेवली, आणि ठेवायची म्हणून घराची पार छावणी करून टाकली. पाच मुलं पडवीत, चार माजघरात. दोन्ही गटांनी एकमेकांत मिसळायचं नाही, पाणी प्यायलासुद्धा नाही. खेळण्यांचे दोन क्रेट केले. एक क्रेट आज खेळायचा, दुसरा साबणाच्या पाण्यातून काढून घरामागच्या कातळावर उन्हात पसरायचा. प्रत्येकाची चटई वेगळी, पेल्यावर ज्याच्या त्याच्या आवडीचं चित्र चिकटवलेलं. खिडक्या सताड उघड्या, त्यामुळे सकाळी मुलं स्वेटर घालून बसायची. आईबापांना फाटकाच्या आत पाऊल टाकायची बंदी.

फाटकावर मी उभी असायची, हातात ताप मोजायची बंदूक घेऊन. आणि फाटकाच्या कडीला सुतळीने एक वही टांगलेली असायची.

वहीत रोज चार प्रश्न. मुलाला ताप, खोकला, सर्दी आहे का? घरात कुणी आजारी आहे का? बाहेरगावाहून किंवा परदेशातून कुणी आलं आहे का? मुलाला घरी काही औषध दिलं आहे का? प्रत्येक प्रश्नाखाली मुलाच्या नावापुढे हो किंवा नाही लिहायचं आणि खाली सही करायची. दुपारी मुलं झोपून उठली की मी पुन्हा ताप मोजायची आणि त्याच पानावर आकडा लिहायची.

हे प्रश्न माझ्या मुलीने, तेजस्वीने सांगितले होते. तेजू एका खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. तिचा नवरा रितेश मुंबईला नोकरीला, ती इथे चार गल्ल्या सोडून भाड्याने राहते, आणि तिचा साडेतीन वर्षांचा ऋत्विक माझ्याकडेच पडवीतल्या गटात. मी तीन प्रश्न लिहून वही मिटत होते, तर तिनेच थांबवलं.

"आई, चौथा घाल. औषध दिलं का म्हणून. लोक सकाळी तापाचं औषध पाजतात गो, आणि ताप उतरला की घेऊन येतात. बंदुकीला काय कळतंय? पाच तासांनी परत फणफणतं पोर, तोवर सगळ्यांना देऊन बसलेलं असतं."

मला केवढा अभिमान वाटला होता. लेक शिकली, शहाणी झाली, आईच्या उपयोगी पडली. दुसऱ्या दिवसापासून मी नियमच केला, की बंदूक पहिली माझ्या नातवाला लावायची आणि मग बाकीच्यांना. सगळ्यांच्या देखत. म्हणजे मैनाकाकू घरच्याला वेगळा न्याय लावते असं कुणाला वाटायला नको. तेजू स्कूटरवरून उतरायची, ऋत्विकचं कपाळ माझ्यापुढे करायची, आकडा बघायची, चार वेळा 'नाही' लिहायची आणि भुर्रकन जायची. तिचं अक्षर छान आहे. शाळेत बक्षिसं मिळाली होती अक्षराला.

संक्रांतीच्या आधीच्या मंगळवारी दुपारी ऋत्विक झोपून उठला तो किरकिरतच. बंदूक लावली तर नव्व्याण्णव पॉइंट आठ. मी वहीत आकडा लिहिला आणि पुढे माझ्याच हाताने लिहिलं, 'झोपेतून उठला म्हणून'. दुसऱ्या कुणाचं पोर असतं तर मी तेव्हाच फोन लावला असता. बुधवारी चिमा म्हणाली, "बाय, तुज्या नातवाच्या तोंडाला औषदाचा वास मारतोय गो." चिमा माझ्याकडे खेळणी धुते, मुलांना भरवते. साठी उलटलेली, साखरेचा त्रास असलेली बाई, पण पोरं तिच्या अंगावर घोरपडीसारखी चिकटलेली असतात. मी तिला म्हटलं, टूथपेस्टचा वास असेल. हल्ली मुलांच्या टूथपेस्टला सगळ्या फळांचे वास असतात.

गुरुवारी, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, आसियाने वहीत 'हो' लिहिलं.

आसिया राजिवड्याची. लसीकरण केंद्रावर नावं नोंदवायच्या कामाला होती, कंत्राटी. तिची आयात दोन वर्षांची, तीही पडवीतच. आसिया वहीत लिहायची तेव्हा मागच्यांना ताटकळत उभं राहावं लागायचं, इतकं सविस्तर लिहायची. 'रात्री दोनदा शिंकली.' 'शेजारच्या घरात एकाला ताप आहे, आम्ही गेलो नाही.' मला तिचं हसू यायचं, पण आवडायचंही. त्या दिवशी तिसऱ्या प्रश्नाखाली तिने लिहिलं होतं, 'हो. आयातचे अब्बा काल रात्री कतारहून आले. टेस्ट निगेटिव्ह आहे. तरीपण ते भावाच्या रिकाम्या घरात राहतात. आयात त्यांना भेटलेली नाही, लांबून हात केला.'

दोन वर्षांच्या पोरीने वर्षभराने आलेल्या बापाला लांबून हात केला. मी वाचलं आणि आयातला आत घेतलं. त्या दिवशी मी बरोबर वागले होते, एवढं मला अजून स्वतःला सांगता येतं.

शनिवारी दुपारी ऋत्विकला एकशे दोन ताप भरला. तेजू येऊन घेऊन गेली, तपासणी केली, रविवारी पॉझिटिव्ह म्हणून निरोप. रविवारीच बँकेतल्या समीक्षाची मुलगी तापली. सोमवारी चिमाला खोकला सुरू झाला आणि मंगळवारी तिला दम लागून बोलता येईना, म्हणून हॉस्पिटलात हलवली. मी पाळणाघर बंद केलं. पालकांच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता, आणलं कुणी?

मीही तेच शोधत बसले होते. वही मांडीवर घेऊन मी मागची पानं उलटत होते आणि फोनवर तेजू होती.

"काय करतेस?" तिने विचारलं.

"वही बघतेय. कुणाकडून आलं ते तारखांवरून कळेल ना."

ती म्हणाली, "आई, त्यात बघायचंय काय? परदेशातून आलेला माणूस एकाच घरात आहे. सरळ आहे. त्या आसियाला सांग, पोरीला आणू नको म्हणून. बाकीचे पालक तुझ्याकडे ठेवणार नाहीत नाहीतर."

नर्सच बोलली. मी वही मिटली.

आसियाला मी फोन केला. माझ्या आवाजात जरा जास्तच कडकपणा होता, कारण चिमाच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली मी त्याच दिवशी काचेतून बघून आले होते. मी म्हटलं, पाळणाघर उघडेल तेव्हा आयातला आणू नकोस. आसिया म्हणाली, "मावशी, आयातला ताप नाही, काही नाही. मी आजच टेस्ट करून आणते तिची." खरंच करून आणली, आणि निगेटिव्ह आल्याचा कागद मला फोनवर पाठवला. मी म्हटलं, टेस्टा काय, चुकतातही. बाकीचे पालक तयार नाहीत, माझा नाइलाज आहे.

"मावशी, मी लिहिलं म्हणूनच तुम्हाला कळलं ना?"

"हो, पण नियम तो नियम," मी म्हटलं आणि तिला ग्रुपमधून काढून टाकलं. समीक्षाने हात जोडल्याचं चित्र टाकलं. बरं केलंत काकू, असं दोघा-तिघांनी लिहिलं.

चिमा अकरा दिवसांनी घरी आली. फेब्रुवारीत मी पाळणाघर पुन्हा उघडलं तेव्हा तीही आली, बसून करण्याजोगं काम दे म्हणाली. चार पावलं चालली की धापा टाकायची. मुलांना उचलणं तर सुटलंच.

उघडल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत भाजी निवडत होते. चिमा शेजारी बसून ठोकळे पुसत होती. ऋत्विकने बाहुलीला मांडीवर घेतलं. तिच्या नाकाला बोटं लावून ते चिमटीत धरलं, बाटलीचं एक टोपण तिच्या तोंडाशी नेलं आणि ओतल्यासारखं केलं. मग तिचं तोंड फ्रॉकने खसाखसा पुसलं.

"गपचूप पी," तो बाहुलीला म्हणाला. "आता आजी बंदूक लावेल."

चिमाचा हात थांबला. माझाही.

"काय पितेय रे ती?" मी विचारलं. आवाज शक्य तेवढा सहज ठेवला.

"गुलाबी औषध. गोड असतं." मग त्याने तोंडावर बोट ठेवलं. "आजीला सांगायचं नाही."

आजी म्हणजे मीच, हे त्याच्या बिचाऱ्याच्या खेळात बसतच नव्हतं. त्याच्या दृष्टीने ती आजी फाटकावर उभी असते, ती वेगळी.

"कोण देतं रे औषध?"

"मम्मा. कोपऱ्यावर, स्कूटर थांबवून."

चिमा माझ्याकडे बघेना. ठोकळा पुसता पुसता म्हणाली, "मी तवाच बोल्लेलं तुला, बाय." बस, एवढंच. चिडून म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी उठले आणि वही काढली. सगळं तिथेच होतं, आकडा तर माझ्याच अक्षरात. मंगळवारी दुपारी, ऋत्विक, नव्व्याण्णव पॉइंट आठ. मुझम्मिल, म्हणजे आयातचे अब्बा, रत्नागिरीत उतरले ते बुधवारी रात्री. कतारहून निघालेला माणूस विमानात बसायच्या आधी माझ्या नातवाला ताप कसा देणार होता? तिसरीतल्या पोराला सुटेल असलं गणित, आणि ते मी घातलंच नव्हतं. नातवाचा आकडा होता ना तो. त्या पानावर, आणि बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी चौथ्या प्रश्नाखाली त्या बक्षीसवाल्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'नाही'. एकदाही हात अडखळलेला नाही.

तेजू सहा वाजता आली. बाकीची मुलं गेली होती. मी फाटक उघडलं नाही. वही तिच्यापुढे धरली आणि चौथ्या प्रश्नावर बोट ठेवलं.

"हे अक्षर कुणाचं?"

तिने पान बघितलं, मग माझ्या मागे अंगणात उभ्या असलेल्या ऋत्विककडे बघितलं, आणि तिला कळलं. नाकारलं नाही तिने. नाकारलं असतं तर मी हात उचलला असता, बत्तीस वर्षांची असली तरी.

"आमच्या वॉर्डातल्या दहा जणींतल्या सहा पॉझिटिव्ह होत्या, आई," ती म्हणाली. "चार जणी वॉर्ड ओढत होतो. रितेश मुंबईला अडकलेला. सोमवारी रात्री ह्याला ताप भरला आणि सकाळी ड्यूटी. मी काय करायला हवं होतं?"

"मला सांगायला हवं होतंस."

"सांगितलं असतं तर घेतलं असतंस त्याला?"

मी खोटं बोलत नाही. "नसतं घेतलं," मी म्हटलं.

"मग?"

"मग घरी थांबायचं. चिमा मरता मरता वाचली, तेजू."

"मला वाटलं साधा ताप असेल. थंडीचा."

"साधा होता तर लपवलास कशाला?"

ती रडायला लागली. लहानपणी रडायची तशीच, खालचा ओठ आत ओढून. एरवी मी विरघळले असते. थकलेली होती, डोळ्यांखाली काळं झालं होतं, मास्कचे वळ गालांवर उठले होते. हे सगळं मला दिसत होतं आणि त्याचं वाईटही वाटत होतं. पण एक गोष्ट घशाखाली उतरत नव्हती.

"औषध पाजलंस ते समजू शकते. आसियाचं नाव का घेतलंस? मी विचारलंही नव्हतं."

बराच वेळ ती स्कूटरचा आरसा पुसत राहिली.

"तू वही उघडून बसली होतीस," ती शेवटी म्हणाली. "तारखा जुळवणार होतीस. तुझं लक्ष तिथून उठवायचं होतं मला. मला वाटलं, पंधरा दिवसांत विसरतील सगळे."

तिने मला ओळखलं होतं. आपली आई कुठे वाघिणीसारखी वागते आणि कुठे डोळे मिटते हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचा तिने उपयोग करून घेतला होता. मी एवढी कडक, एवढी नियमाची, आणि माझी किल्ली तिच्याकडे.

"ग्रुपवर टाकू नकोस," ती म्हणाली. "आमच्या मेट्रनपर्यंत जाईल, आई. तुझ्या पाया पडते."

मी तिच्या समोरच फोन काढला आणि लिहिलं. 'जानेवारीत आपल्याकडे आजार आला तो माझ्या नातवाकडून. त्याला तापाचं औषध पाजून पाठवलं जात होतं. वहीतल्या तारखांवरून स्पष्ट आहे. आसियाचा काही संबंध नव्हता. मी तिला विनाकारण दोष दिला. मैना.' पाठवलं. मग फाटक उघडून ऋत्विकला तिच्याकडे दिला. त्याने मला हात केला. मी केला नाही, आणि ते अजून मला टोचतं, कारण त्या पोराचा काय दोष?

ग्रुपवर दोघांनी अंगठा दाखवला. समीक्षाने लिहिलं, 'होतं काकू असं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. उद्या चालू आहे ना?' आसियाविषयी कुणी अक्षर लिहिलं नाही. आणि आसियाने तो निरोप वाचलाच नव्हता. ग्रुपमधून तिला मीच काढलं होतं.

म्हणून रविवारी मी राजिवड्याला गेले. तिचं घर खाडीच्या अंगाला, दारात जाळी वाळत टाकलेली. आसियाने खुर्ची दिली, चहा ठेवला. घर विचित्र शांत होतं. कोपऱ्यात आयातची छोटी चप्पल होती, पण आयात नव्हती.

"बुरोंडीला आहे, तिच्या नानीकडे," आसिया म्हणाली. "काम सोडता येईना आणि इथे दुसरं कुणी घेईना. कुठे गेलं तरी लोक आधी तेच विचारतात, मैनाकाकूंनी का काढली. आयातचे अब्बाही परत गेले, सुट्टी संपली त्यांची."

"कधीपासून आहे तिकडे?"

"तीन आठवडे झाले. मी एकदाच जाऊन आले. एसटीचा संप ना, खाजगी गाडी मिळेल तेव्हाच जायचं. फोनवर आता माझ्याकडे बघत नाही ती. तोंड फिरवते."

बापाला लांबून हात करणारी पोरगी आता आईकडे बघत नव्हती, आणि ह्याच्यात सगळ्यांत मोठा हात माझा होता. मी सगळं सांगितलं. तेजू, औषध, तारखा, ग्रुपवरचा निरोप, काही लपवलं नाही. फोनवर तो निरोप तिला दाखवला. मी चुकले, मला माफ कर, आयातला परत आण, असं मी म्हटलं. कुणाची माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे ती जरा हुकूम सोडल्यासारखीच ऐकू आली असणार.

आसियाने निरोप दोनदा वाचला आणि फोन परत दिला.

"आणते, मावशी. दुसरीकडे कुठे नेऊ?" ती म्हणाली. मग कप उचलत सावकाश म्हणाली, "तुमच्या मुलीने 'नाही' लिहिलं, तर तिचं मूल आत. मी 'हो' लिहिलं, तर माझं बाहेर. मला पण आता कळलंय वहीत काय लिहायचं ते."

मी म्हटलं, असं नको बोलू. ती हसली. रागाने नाही, समजूत घालावी तशी.

पुढच्या सोमवारी ती आयातला घेऊन आली. आयात माझ्याकडे येईना, आईच्या ओढणीत तोंड खुपसून बसली. तेजूने ऋत्विकला दुसऱ्या बाईंकडे घातलं होतं, त्यामुळे बंदूक पहिली नातवाला लावायचा नियम आपोआप संपला होता. मी आयातला लावली. सत्त्याण्णव पॉइंट सहा.

आसियाने वही ओढली आणि प्रश्न न वाचता चार वेळा 'नाही' लिहिलं. मागच्यांना जराही थांबावं लागलं नाही. सही करून तिने पेन सुतळीला अडकवलं.

आयातचं नाक पुसून पुसून लाल झालेलं होतं. मला ते दिसत होतं.

"आसिया, हिला सर्दी आहे का गो?"

"वहीत लिहिलंय ना, मावशी," ती म्हणाली. तिने माझ्या डोळ्याला डोळा भिडवला आणि वाट बघत उभी राहिली.

मी फाटक उघडलं.